वजनाच्या गोळ्या: तोंडात टाकण्याआधी पाकीट कसं वाचायचं

मी डॉक्टर नाही. बडोद्यातल्या एका औषध कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलच्या खोलीत माझी सगळी नोकरी गेली. गोळी कुटायची, विरघळवायची, गाळून मशीनला लावायची आणि लेबलावर लिहिलंय तेच, तेवढंच आत आहे का ते बघायचं. आता घरीच असते, दांडिया बाजारात. भाद्रपद लागला की शेजारपाजारच्या मुली, कधी त्यांच्या आयासुद्धा, डब्या घेऊन येतात. नवरात्र तोंडावर आलेलं असतं आणि चणियाचोळीचं माप देऊन झालेलं असतं. "काकू, गरब्याच्या आत चार-पाच किलो उतरायला हवेत. ही घेऊ ना? हर्बल आहे."

घ्यायची की नाही ते डॉक्टरांनी सांगायचं. पण त्यांच्याकडे जाण्याआधी, किंवा घरात कुणी गुपचूप सुरू केलीच असेल तर, पाकीट हातात घेऊन काय बघायचं हे मला येतं. तेवढं लिहिते.

आधी ठरवा, हे आहे काय

आपल्याकडे वजनासाठी म्हणून विकली जाणारी बहुतेक गोळी, पावडर किंवा चहा कायद्याने तीनपैकी एका खणात बसायला हवा.

ॲलोपॅथीचं औषध असेल तर औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅममधली ताकद, बॅच नंबर, बनवल्याची नि मुदतीची तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर पाकिटावर असतोच. चिठ्ठीवरच विकायचं असेल तर आरएक्सची खूण आणि शेड्यूल एचचा, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नये असा, इशारा असतो, आणि बऱ्याच पट्ट्यांच्या कडेला उभी लाल रेघ. ती रेघ नक्षी नाही. दुकानदाराने चिठ्ठी न मागता पट्टी कापून दिली म्हणून ते औषध साधं होत नाही.

आयुर्वेदिक असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि त्याचाही लायसन्स नंबर नि घटकांची यादी असते. तिसरा खण अन्नाचा. त्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा शिक्का आणि चौदा आकडी नंबर असतो. हेल्थ सप्लिमेंट म्हणून विकलेल्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापावंच लागतं. म्हणजे कंपनी लेखी देते की हे औषध नव्हे आणि विकणारा तोंडाने सांगतो की दहा दिवसांत फरक बघा. दोघांपैकी लेखी देणाऱ्याचं खरं माना.

एकाही खणात बसत नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही, ती डबी घ्यायचीच नाही. सुटी पुडी, झिपच्या पिशवीतल्या कॅप्सूल, 'इम्पोर्टेड' म्हणून परकीय लिपीतलं लेबल, व्हॉट्सॲपवर पैसे पाठवल्यावर कुरिअरने येणारा माल, पार्लरमध्ये किंवा जिममध्ये ड्रॉवरमधून काढून दिलेली डबी, हे सगळं त्यातच.

आणखी एक सोपी चाळणी आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. औषधं आणि जादूई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दल १९५४ चा कायदा आहे. ज्या आजारांवर 'आमचं औषध गुण देतं' अशी जाहिरात करायला मनाई आहे त्यांची यादी त्याला जोडलेली आहे. लठ्ठपणा त्या यादीत आहे. त्यामुळे 'महिन्यात लठ्ठपणा गायब' अशी पाटी दिसली तर माणूस पहिल्याच ओळीत कायदा मोडतोय एवढं कळलं. आतल्या मालाबद्दल तो प्रामाणिक असेल असं का धरायचं?

हर्बल डबीत सापडतं काय

एकीने आणलेली डबी मला अजून आठवते. पांढरं प्लास्टिक, झाकणाला सील नाही, आत कापसाचा बोळा. स्टिकर इतका वाकडा की एक कोपरा उचलून आलेला. 'शंभर टक्के नैसर्गिक', खाली मोबाइल नंबर, पत्ता नाही, बॅच नाही. हिरव्या कॅप्सूल. एक उघडून पांढऱ्या कागदावर ओतली आणि भिंगातून पाहिली. शेवाळी भुकटी, आणि तिच्यात मिठासारखे पांढरे, चकचकीत कण. आता पांढरे कण दिसले म्हणजे भेसळच, असं मी म्हणणार नाही. कॅप्सूल भरायला वापरतात ती दुधातली साखर, लॅक्टोज, तीही तशीच दिसते. डोळ्यांनी याहून जास्त कळत नाही. म्हणून मी त्या मुलीला भुकटीबद्दल न विचारता तिच्याबद्दल विचारलं. तोंड कोरडं पडतं? हो. झोप? रात्री दोन वाजेपर्यंत टक्क जागी. भूक? अजिबात नाही, काकू, मस्त वाटतं. पोट साफ होतं? नाही. नाडी धरली तर नुसती बसलेली असताना शंभरच्या वर.

पाल्याची भुकटी एवढं सगळं आठवड्यात करत नाही. ही लक्षणं ज्या औषधाशी हुबेहूब जुळतात त्याचं नाव सिब्युट्रामिन. ते एके काळी रीतसर विकलं जायचं, अमेरिकेत १९९७ पासून. भूक मारायचं, पण रक्तदाब आणि नाडी वाढवायचं. हृदयविकार असलेल्या लोकांवरच्या मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त दिसले, तेव्हा २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेतून ते गेलं. भारतात २०११ मध्ये त्याच्यावर बंदी आली. बंदी आल्यावर ते संपलं नाही, फक्त लेबलावरून उतरून हर्बल डब्यांच्या आत गेलं. अमेरिकेचं औषध खातं वर्षानुवर्षं वजनाच्या 'नैसर्गिक' डब्यांमध्ये हे पकडून जाहीर करत आलं आहे. नैराश्याची गोळी चालू असलेल्या बाईने नकळत हे घेतलं तर दोन्ही मिळून सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन इतकं वाढू शकतं की ताप, थरथर, गोंधळ होऊन दवाखाना गाठावा लागतो. आणि तिथे डॉक्टरांनी विचारलं, काय घेत होतीस, तर उत्तर काय? हर्बल.

आता माझ्या खात्याची गोष्ट. समजा चारशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये खरं औषध दहा मिलिग्रॅम आहे. ते प्रत्येक कॅप्सूलमध्ये सारखं पडावं यासाठी कारखान्यात केवढी यातायात असते! ब्लेंडरच्या वरून, खालून, कोपऱ्यांतून नमुने काढायचे, माल तयार झाला की दहा नग एकेक वेगळा तपासायचा, आकडे इकडेतिकडे झाले तर माल अडवून ठेवायचा. आमच्यावर प्रॉडक्शनवाले चिडायचे ते यासाठीच. घमेल्यात कालवून भरलेल्या कॅप्सूलला हे कोण करतं? एकीत नावालाच पडतं, दुसरीत तिप्पट. त्यामुळे 'माझ्या जावेने हीच डबी संपवली, तिला काही झालं नाही' याला काडीचा अर्थ नाही. तुमच्या वाट्याची कॅप्सूल तिच्या वाट्याची नव्हती.

दुसरी भेसळ फिनॉल्फ्थॅलिन. शाळेच्या प्रयोगशाळेत ॲसिड-अल्कलीच्या प्रयोगात गुलाबी रंग देतं तेच. पूर्वी ते जुलाबाचं औषध होतं. जनावरांत कर्करोग दिसल्यावर अमेरिकेने १९९९ मध्ये बंद केलं. कुणी सांगेल, कॅप्सूल धुण्याच्या सोड्यात टाका, गुलाबी झालं की भेसळ. ही हुशारी करू नका. सोड्यात हळदही लाल होते आणि सोनामुखीही.

जिमवाल्या मुलांच्या आयांनी एक नाव लक्षात ठेवावं: डीएनपी. पिवळी पावडर, 'फॅट बर्नर' म्हणून ऑनलाइन फिरते. १९३० च्या दशकात अमेरिकेत वजनासाठी विकली गेली, लोकांना मोतीबिंदू झाले, काही मेले, आणि १९३८ मध्ये माणसाच्या पोटात जाण्यालायक नाही म्हणून ठरवली गेली. शरीर आतून तापत जातं, आणि त्यावर उतारा असं औषध नाही. हिच्या बाबतीत विचार वगैरे करायचा नाही. घाम, ताप, धाप दिसली की तडक दवाखाना.

काटा खाली आला, पण उतरलं काय?

आठवड्यात तीन किलो गेले म्हणून नाचणाऱ्या मुलीला मी विचारते, लघवीला किती वेळा जातेस आणि जुलाब किती? लघवीची गोळी, म्हणजे फ्रुसेमाइडसारखी, पाणी काढते. 'स्लिमिंग टी'मधली सोनामुखी जुलाबावाटे पाणी काढते. चरबी जागेवरच असते. पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं, आणि ते फार घसरलं की पायात गोळे येतात, गळून जायला होतं, हृदयाचे ठोके चुकू लागतात. वर नवरात्राचा उपास आणि मैदानात मध्यरात्रीपर्यंत घामाच्या धारा. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चक्कर येऊन पडणं हे सर्वांत हलकं. सोनामुखी महिनोन्महिने घेणाऱ्यांची आतडी तिच्याशिवाय हलेनाशी होऊ शकतात, हा मागचा भोग वेगळाच.

खरी औषधं, चुकीच्या हातात

थायरॉइडची गोळी घरात बऱ्याच जणींकडे असते. 'मम्मीची थायरॉइडची घेतली की वजन उतरतं' हे मी कितीदा ऐकलंय. ज्याची थायरॉइड ग्रंथी धड आहे त्याने वजनासाठी थायरॉक्सिन घेऊ नये, हा इशारा अमेरिकेत त्या औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापतात. कारण साध्या मात्रेत वजन हलत नाही, आणि हलेल एवढी मात्रा घेतली तर हृदय बिथरतं, हाडं झिजतात. याउलट, जिची थायरॉइडची गोळी डॉक्टरांनी चालू केली आहे तिने हा लेख वाचून ती बंद करू नये!

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध. पीसीओएस या अंडाशयाच्या, पाळी बिघडवणाऱ्या तक्रारीसाठीही डॉक्टर देतात. मैत्रिणीची चिठ्ठी वापरून घेतलं तर मळमळ-जुलाब ठरलेले, लांबल्यास बी-१२ कमी होतं, आणि मूत्रपिंड आधीच अशक्त असेल तर रक्तात लॅक्टिक ॲसिड साचण्याचा दुर्मीळ पण जीवघेणा धोका असतो. मूत्रपिंड कसं आहे हे मैत्रिणीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

वजनासाठीच असलेलं ऑरलिस्टॅट त्यातल्या त्यात सरळमार्गी. १२० मिलिग्रॅमची कॅप्सूल जेवणातली साधारण तीस टक्के चरबी पचू देत नाही. न पचलेलं तेल मग जातं कुठे? ऑरलिस्टॅट घेऊन कुणी सेव-उसळ आणि वर भजी हाणली तर संध्याकाळी कपडे सांगतात. चरबीबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही निसटतात, म्हणून डॉक्टर झोपताना मल्टिव्हिटॅमिन देतात. थायरॉक्सिन आणि ही कॅप्सूल यांत चार तासांचं अंतर लागतं. रक्त पातळ करायची वॉरफरिन, फिट्सची औषधं, प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन चालू असेल तर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. क्वचित यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे.

आणि आता भूक कमी करणारी इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि टिरझेपटाइड. सेमाग्लुटाइडची गोळीही आहे, टिरझेपटाइडचं इंजेक्शन २०२५ मध्ये भारतात आलं. ही खरोखर काम करतात, हे मान्य करायलाच हवं, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त काळजी वाटते. मात्रा हळूहळू, आठवड्यांच्या पायऱ्यांनी चढवायची असते. घाई केली की उलट्यांनी माणूस सुकतो आणि भार मूत्रपिंडावर येतो. पित्ताचे खडे, स्वादुपिंडाला सूज हे धोके आहेत. घराण्यात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग असेल तर घ्यायचीच नाहीत. मधुमेहाची इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधं सोबत असतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते. टिरझेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो, आणि मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. नव्या लग्न झालेल्या मुलींना हे कुणी सांगतच नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण पोट उशिरा रिकामं होतं. न उघडलेली पेन दोन ते आठ अंशांत ठेवायची असतात. बडोद्याच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून आलेल्या पेनात काय उरलं असेल याची खात्री मला कुठलं मशीन लावूनही देता येणार नाही, आधी नमुना नीट ठेवलेला लागतो.

'निदान ग्रीन टी तरी?' प्यायचा चहा खुशाल प्या. त्याच्या अर्काची कॅप्सूल वेगळी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की अर्कातून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी हे त्या चहातलं द्रव्य पोटात गेलं तर यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात. गार्सिनियाच्या कॅप्सूलमुळेही यकृत बिघडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाचाच भाऊबंद, पण सोलकढी आणि गाळून घट्ट केलेला अर्क यांची मात्रा एक नव्हे.

घरात कुणी घेतच असेल तर

आरडाओरडा केलात तर डबी लपेल, गोळी थांबणार नाही. "दाखव बघू, काय आहे" एवढंच म्हणा. डबीचे चारही बाजूंनी फोटो काढा, पाच-सहा कॅप्सूल त्याच डबीत राहू द्या. कधीपासून, रोज किती, सोबत दुसरं काय चालू आहे, हे कागदावर लिहा. बिनलेबलची डबी असेल तर ती तिथेच थांबवा. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र त्यांना विचारूनच थांबवा. पाच मिनिटं शांत बसवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, घरात यंत्र असेल तर रक्तदाब घ्या.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद चहासारखी झाली, अंगाला खाज सुटली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागलं तर यकृत बोलतंय, त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखणं, ठोके अडखळणं, बेशुद्धी, बोलणं जड होणं, पोटातून पाठीत जाणारी असह्य कळ, हे असेल तर १०८ ला फोन किंवा सरळ मोठा दवाखाना, आणि डबी बरोबर न्यायची. मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ लागले तर तेही गोळीचंच असू शकतं. रिमोनाबंट नावाचं वजनाचं औषध २००८ मध्ये युरोपात याच कारणाने थांबवलं आणि २००९ मध्ये भारताने बंद केलं.

एवढं काही नसेल तरी एकदा फॅमिली डॉक्टरांना दाखवा. ते साधारण यकृताची तपासणी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, पोटॅशियम, थायरॉइडसाठी टीएसएच आणि ईसीजी सांगतील. 'जरा अशक्तपणा वाटतो' म्हणून सांगितलंत तर टॉनिक घेऊन परत याल. गोळीचं नाव घ्या.

वजनासाठीच डॉक्टरकडे जायचं असेल तर आधी बीएमआय काढून न्या. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटर, पुरुषाची ९० च्या वर असेल तर तेही सांगा. बऱ्याच औषधांच्या माहितीपत्रकात मात्र औषधाची पायरी बीएमआय ३० ला, किंवा रक्तदाब-मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर २७ ला येते. डॉक्टर याहून आधीही देऊ शकतात, तो त्यांचा निर्णय. पण पाच फूट दोन इंचाच्या मुलीसाठी २७ म्हणजे सुमारे ६७ किलो. माझ्याकडे डबी घेऊन येणाऱ्या बहुतेक मुली त्याच्या कितीतरी खाली असतात. त्यांना औषध नको, शिंप्याकडून चोळी थोडी सैल करून हवी. वजन अचानक वाढलं असेल तर थायरॉइड, पीसीओएस, किंवा सांधेदुखी-दम्यासाठी चालू असलेलं स्टेरॉइड यातलं काही आहे का ते विचारा. आणि आठवड्याला अर्धा ते एक किलो याहून जास्त कबूल करणाऱ्याला नमस्कार करून निघा.

तक्रार कुठे

औषधाने त्रास झाला असं वाटलं तर देशाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे, १८००-१८०-३०२४. सामान्य माणूसही कळवू शकतो, डॉक्टरच लागतो असं नाही. डबीच तपासून हवी असेल तर १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कुणीही विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे देऊ शकतो. गुजरातची अन्न-औषध प्रयोगशाळा तर आपल्या बडोद्यातच आहे. अर्जात दुकानाचं नाव-पत्ता, घेतल्याची तारीख आणि तपासून का हवंय ते लिहावं लागतं, म्हणून पावती सांभाळा. घेतानाच बॅच नंबर घातलेली पावती मागा, आणि दुकानदार द्यायला कां-कूं करू लागला तर डबी त्याच्याच काउंटरवर ठेवून या.